पंडिता रमाबाई आणि वृद्धांची सेवा

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी, गोसीखुर्द हे गाव आहे. ता. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते येथील धरणाची कोनशिला बसविण्यात आली. पुढे पाणी अडविल्यावर नदीकाठची अनेक गावे जलाशयाखाली गेली, आणि त्यांतील माणसे नव्या गावठाणांत जाऊन राहिली. तरुण माणूस कोठेही आपला मार्ग काढतो. कोणी नागपुरास गेला, कोणी त्याहूनही दूर. वृद्धाचे तसे नाही. त्याचे शेत गेले, शेजार गेला, ज्या वाटेने तो डोळे मिटून चालत असे ती वाटही गेली. नव्या घराच्या ओसरीवर तो बसून असतो, आणि दिवस त्याला फार मोठा वाटतो.

अशा वृद्धांची सेवा कशी करावी? त्यांना अन्नवस्त्र मिळावे यात वाद नाही. परंतु त्यांच्याशी देवाविषयी बोलावे काय, आणि बोलावे तर कोणत्या रीतीने? जो आपल्या हाताच्या घासावर जगतो त्याला आपण धर्म सांगू लागलो, तर तो मनापासून ऐकतो की घासासाठी ऐकतो, हे कसे ओळखावे? हा प्रश्न आपल्या पाळकांना व घरोघर भेटी देणाऱ्या भगिनींना नित्य पडत असतो. ज्या बाईंनी हा प्रश्न आपल्या सबंध आयुष्याने सोडविण्याचा यत्न केला, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने आज आपण पाहू. अनाथ मुली व तरुण विधवा यांची कैवारी म्हणून सर्व महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या सेवेचे मूळ त्यांच्या स्वतःच्या वृद्ध आईबापांच्या मरणात आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान व निष्ठावान ब्राह्मण होते. स्त्रियांना संस्कृत शिकविणे त्या काळी पातक मानीत. परंतु अनंतशास्त्र्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती विद्या दिली आणि त्याबद्दल स्वजातीयांचा रोष पत्करला. रमा हे त्यांचे सर्वांत धाकटे अपत्य. ती शिकण्याजोगी झाली तेव्हा बाप थकला होता व त्याची दृष्टी मंद होत चालली होती; म्हणून आईनेच तिला पहाटे उठवून, मांडीवर घेऊन, श्लोक पाठ करविले. अशा रीतीने वृद्ध माणसाच्या सोबतीत व त्याच्या छायेत तिचे बाळपण गेले.

पुढे अरण्यातील घर मोडले आणि हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास जावे, तेथे देवळात पुराण सांगावे, जे मिळेल त्यातून दानधर्म करावा व उरेल त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. जवळ जे काही द्रव्य होते तेही व्रतांत, उद्यापनांत व ब्राह्मणभोजनांत हळूहळू खर्च झाले. त्या आईबापांची श्रद्धा खोटी होती असे कोणीही म्हणू नये; रमाबाईंनीही तसे कधी म्हटले नाही. त्यांनी आपले सर्वस्व देवाला वाहिले होते. मात्र म्हातारपणी त्यांच्या हाती काही उरले नाही.

अशा स्थितीत मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. सन १८७४ च्या सुमाराची ही गोष्ट. रमा तेव्हा सोळा वर्षांची होती. देवळात पुराण ऐकावयास कोणी येईना, कारण लोकांनाच खावयास नव्हते. मोलमजुरी करणे शास्त्र्याच्या घराण्याला ठाऊक नव्हते, आणि भीक मागण्याची लाज वाटे. अंगावरचे दागिने गेले, भांडी गेली, वस्त्रे गेली. शेवटचे तांदूळ संपले तेव्हा ही पाच माणसे मरण्याच्या निश्चयाने अरण्यात शिरली. अकरा दिवस व अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडाचा पाला व थोडी रानखजुरे यांवर काढली.

त्या ठिकाणी आंधळ्या झालेल्या बापाने पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा निश्चय केला आणि एकेकाचा निरोप घेतला. सर्वांत शेवटी धाकट्या मुलीची पाळी आली. त्याला ती दिसत नव्हती. त्याने तिला दुर्बळ हातांनी उराशी धरले, तिच्यावर आपला किती जीव आहे ते सांगितले, सन्मार्ग कधी सोडू नको अशी आज्ञा केली, आणि जन्मभर देवाची सेवा कर म्हणून तिला देवाच्या हाती सोपविले. तो देव कोण हे त्या वेळी बापाला व मुलीला आपापल्या परीने ठाऊक होते तितकेच ठाऊक होते. परंतु ही आज्ञा रमाबाई मरेपर्यंत विसरल्या नाहीत.

तळ्यात उडी घेण्याचा तो प्रसंग मुलाने टाळला. श्रीनिवासाने कुळाचा अभिमान बाजूस ठेवला आणि आपण मजुरी करून आईबापांस पोसू असे सांगितले. सर्व मंडळी अरण्याबाहेर आली. परंतु मदत फार उशिरा आली होती. बापाला ताप भरला आणि थोड्याच दिवसांत त्याने प्राण सोडला. पाठोपाठ आई अंथरुणाला खिळली. तापाच्या भरात तिने भाकरी मागितली. रमा शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारी गेली. पण तोंडातून शब्द निघेना, नुसते डोळे वाहू लागले. त्या बाईने ओळखले आणि तिला भाकरीचा तुकडा दिला. मुलगी तो घेऊन धावत आली. परंतु आईला तो गिळण्याचीही शक्ती उरली नव्हती. काही दिवसांत तीही गेली. प्रेत उचलावयास माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा मुलगा, आणि चौथी रमा. ती ठेंगणी असल्यामुळे तिरडी खांद्याला लागेना, म्हणून सुमारे तीन मैलांची वाट तिने आईची तिरडी डोक्यावर घेऊन चालली. पुढे थोड्या महिन्यांत थोरली बहीणही पटकीने गेली.

प्रिय वाचकहो, या प्रसंगात दोन गोष्टी एकत्र आहेत. धर्म होता, पण भाकरी नव्हती; आणि भाकरी आली तेव्हा ती खाणारे माणूस जात होते. पुढे रमाबाईंनी जी जी सेवा केली तीत या दोन गोष्टींची फारकत त्यांनी होऊ दिली नाही. ज्याने भुकेल्याला नुसता उपदेश केला त्याने आईची ती हाक ऐकली नाही, आणि ज्याने नुसती भाकरी टाकली त्याने बापाच्या त्या मिठीचा अर्थ जाणला नाही.

यानंतर बहीणभाऊ पायी देशभर फिरले व १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु सुख टिकले नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेला. चोवीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच रमाबाई आईबाप, बहीण, भाऊ व पती यांना मुकल्या होत्या.

१८८२ साली त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि पुढील वर्षी विलायतेस गेल्या. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या आश्रमात त्यांचे वास्तव्य होते. त्या भगिनींनी लंडनच्या फुलम भागात चालविलेले एक गृह त्यांना दाखविण्यात आले. वाट चुकलेल्या व समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळे. त्यांचा तिरस्कार न करता प्रीतीने सेवा करणाऱ्या बाया पाहून रमाबाई चकित झाल्या. हे सामर्थ्य कोठून येते असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवर प्रभूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. टाकलेल्या माणसाशी स्वतः होऊन बोलणारा हा तारणारा त्यांच्या मनास पटला. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुढे अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने त्या परत आल्या आणि ता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास नेण्यात आले. येथेच आपल्या प्रश्नाशी त्यांची गाठ पडली. सदनात कोणाच्या धर्मात हात घालावयाचा नाही असा करार होता आणि तो त्यांनी पाळला. ब्राह्मण मुलींच्या सोवळ्याओवळ्याची व स्वयंपाकाची व्यवस्था त्यांच्या चालीप्रमाणे ठेवली. परंतु आपली स्वतःची प्रार्थना त्यांनी लपविली नाही. त्यांच्या खोलीचे दार उघडे असे. ज्या मुलीला यावेसे वाटे ती येऊन बसे. काही मुली येऊ लागल्या, तेव्हा शहरात मोठी खळबळ उडाली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर इत्यादी सल्लागारांनी आपले अंग काढून घेतले आणि पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या.

या वादात दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे होते, हे आज शांतपणे मान्य करावयास हरकत नाही. आश्रयाला आलेल्या मुलीवर आश्रय देणाऱ्याचे वजन पडते, ही सल्लागारांची भीती निराधार नव्हती. रमाबाईंचे म्हणणे असे की, घरात राहणाऱ्याला घरधनिणीचा देव दिसणारच. तो लपविणे हेच कपट होय. या झगड्यातून त्यांनी एक नियम घेतला, तो असा की जे काम ख्रिस्ताच्या नावाने करावयाचे ते उघडपणे त्या नावानेच करावे, म्हणजे येणाऱ्याला आपण कोठे आलो हे दारातच कळते. केडगावचे काम त्यांनी पुढे या नियमाने उभारले.

१८९५ च्या सुमारास रमाबाई वृंदावनास गेल्या. देवळांतून भजन करून मूठभर धान्यावर दिवस कंठणाऱ्या विधवा त्यांनी तेथे पाहिल्या. त्यांत तरुण होत्या, तशाच सर्व आयुष्य तेथे घालवून जरेने वाकलेल्याही होत्या. देवाचे नाव घेत घेत, कोणाचेही न राहता मरणे म्हणजे काय, हे आपल्या आईबापांच्या मरणानंतर त्यांना पुन्हा एकदा दिसले.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. तो मध्यप्रांतात विशेष भयंकर होता, आणि आपला भंडारा जिल्हा त्या काळी मध्यप्रांतातच मोडत असे. वृत्त ऐकताच रमाबाईंना अरण्यातील ते अकरा दिवस आठवले. पैशाची निश्चिती नसता त्या मध्यप्रांतात गेल्या. सरकारी मदतछावण्यांत व गरीबखान्यांत हाडांचे सापळे होऊन पडलेली माणसे त्यांनी पाहिली, आणि सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा यांना सोडवून आणिले. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांना केडगाव येथे, फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर, झोपड्यांत ठेवावे लागले. तेच मुक्तिसदन. १९०० साली गुजराथेतील दुष्काळातून आणखी शेकडो जणी आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

ही वस्ती मुख्यतः मुलींची होती. परंतु दार एकदा उघडले म्हणजे कोण येईल याला मर्यादा राहत नाही. दुष्काळाने पोरक्या झालेल्यांत लहान होते तसे मोठेही होते. म्हणून मुक्तीत निरनिराळी घरे झाली. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन झाले, आंधळ्यांसाठी बार्तमी सदन झाले, आणि वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीतिसदन झाले. या नावाकडे लक्ष द्यावे. म्हाताऱ्यांच्या घराला त्यांनी दयेचे नाव दिले नाही, प्रीतीचे दिले. दया ही वरून खाली येते. प्रीती शेजारी येऊन बसते.

प्रीतिसदन मुलींच्या वस्तीपासून दूर, गावाबाहेर टाकलेले नव्हते; ते त्याच आवारात होते. मुक्ती म्हणजे एक गावच होते. तेथे शेत होते, विहिरी होत्या, गाईगुरे होती, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. ज्याला जे करता येईल ते त्याने करावे, अशी तेथील रीत होती. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकविली, मग वाचणारी आंधळी मुलगी डोळस बायांना शास्त्र वाचून दाखवू लागली. अशा गावात म्हातारे माणूस निरुपयोगी ठरत नाही. प्रार्थनेची घंटा सर्वांसाठी एकच वाजे, आणि मंदिरात लहानमोठ्या सर्व जणी एकत्र बसत. मंदिराचा पाया १८९९ साली घातला गेला.

आणखी एका कामाचा येथे उल्लेख केला पाहिजे, कारण त्याचा वृद्धांशी निकटचा संबंध आहे. आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंनी त्यासाठी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. आणि एवढी विद्या मिळवून भाषा मात्र हेतुतः साधी ठेवली. अडाणी बाईला, खेड्यातल्या मजुरणीला, वाचून दाखविलेले शब्द कळावे, हा त्यांचा उद्देश होता. अक्षरे जुळविण्याचे व छापण्याचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले. थकलेल्या माणसाला समजेल अशा भाषेत देवाचा शब्द पोहोचविणे हीही सेवाच होय. आपण मात्र पुष्कळदा वृद्धाच्या उशाशी बसून त्याला न कळणाऱ्या शब्दांत लांबलचक प्रार्थना करतो.

रमाबाई स्वतःही अकाली थकल्या. त्यांना ऐकू येईनासे झाले. शरीर क्षीण झाले. जिने आपल्यामागे हे काम चालवावे अशी त्यांची आशा होती, ती मनोरमा ता. २४ जुलै १९२१ रोजी त्यांच्या आधीच देवाघरी गेली. म्हातारपणी एकुलते एक मूल जावे, याहून मोठे दुःख नाही. रमाबाई हातातील काम करीत राहिल्या. शास्त्राची शेवटची मुद्रिते तपासून संपली, आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजी, वयाची चौसष्ट वर्षे पुरी होण्यास थोडे दिवस असता, त्यांनी झोपेतच देह ठेवला. त्यांच्यामागे रक्ताचे कोणी उरले नव्हते. तरी आई गेल्याचा शोक शेकडो मुलींनी केला. संपूर्ण शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. जिने आपल्या आईची तिरडी माणसांअभावी डोक्यावर वाहिली होती, तिला पोहोचविण्यास सारे मुक्ती गाव निघाले.

आता आपण पुन्हा वैनगंगेकाठी येऊ. आज आईबापांस पोसण्यास मुलांना भाग पाडणारा कायदा आहे. तो २००७ साली झाला. निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन आहे. या गोष्टी चांगल्या आहेत, आणि ज्या वृद्धाला त्यांची माहिती नाही त्याचे कागद भरून देणे, त्याला तहसिलीत घेऊन जाणे, हे मंडळीचे पहिले काम आहे. भाकरी वेळेवर पोहोचली पाहिजे. उशिरा पोहोचलेली भाकरी काय कामाची, हे रमाबाईंच्या आईने आपल्याला शिकविले आहे.

परंतु कागद झाला म्हणजे सेवा संपली असे नाही. जलाशयाखाली ज्याचे गाव गेले त्या म्हाताऱ्याला आपल्या गावाविषयी बोलावयाचे असते. त्याचे बोलणे ऐकावे. तो आपल्या धर्माचा नसला तरी ऐकावे. त्याचा देव, त्याची यात्रा, त्याच्या आईबापांची माती यांविषयी तो सांगेल, ते आदराने ऐकावे, कारण अनंतशास्त्र्यांची श्रद्धा खोटी नव्हती. आपला प्रभू त्याच्यापासून लपवू नये, आणि त्याच्यावर लादूही नये. शिधा देताना शिधाच द्यावा. प्रार्थनेचे दार रमाबाईंच्या खोलीच्या दारासारखे उघडे ठेवावे. आत यावयाचे की नाही ते त्याने ठरवावे. आणि तो कधीच आत आला नाही, तरी पुढच्या आठवड्यात शिधा तितकाच न्यावा. आपली सेवा प्रीतीची आहे की सौद्याची आहे, याची कसोटी तेथेच लागते.

आपल्या मंडळीत जे वृद्ध आहेत त्यांनाही उपासनेत काही काम द्यावे. जुनी गीते त्यांना पाठ आहेत. ती त्यांनी लेकरांना शिकवावी. आजाऱ्यांसाठी रोज प्रार्थना करण्याचा भार त्यांच्यावर सोपवावा. चालता येत नसेल त्याच्या घरी मंडळीने जाऊन उपासना करावी.

वधस्तंभावर असह्य वेदना भोगीत असता आपल्या प्रभूने आपल्या आईची व्यवस्था केली आणि तिला शिष्याच्या स्वाधीन केले. आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. अरण्यात आंधळ्या बापाने आपल्या मुलीला देवाच्या हाती सोपविले, आणि त्या मुलीने पुढे किती तरी पोरक्यांना व थकलेल्यांना आपल्या घरी घेतले. आता आपल्या गावी, आपल्या शेजारी, कोणी तरी वृद्ध ओसरीवर बसून वाट पाहत आहे. त्याला आपल्या स्वाधीन केले आहे असे समजून या आठवड्यात त्याच्याकडे जावे, आणि त्याच्याजवळ थोडा वेळ बसावे.